इंद्रभानची कणगी

रिठद गावात छपराची टिनं आली आणि इंद्रभान गवंड्याचे दिवस फिरले. निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं, आणि म्हणणं त्याच्याकडे नेहमीच भरपूर असायचं. धाब्याचं घर बांधावं तर इंद्रभाननं, असं आजूबाजूच्या गावांतही बोललं जाई. त्यानं घातलेल्या मातीच्या भिंती आणि वर टाकलेली पांढरी माती चार-चार पावसाळे हूं की चूं करत नसत. पण बहात्तरचा दुष्काळ मागे पडला, दोन पिकं बरी झाली, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात टिन शिरलं. टिन चकाकतं, त्यावर दरवर्षी माती ओढावी लागत नाही, आणि टिनाखाली राहणारा माणूस गावात सुधारलेला दिसतो. उन्हाळ्यात तो पापडासारखा भाजून निघतो, हे मात्र कोणी बोलून दाखवत नसे. दुपार झाली की ही सगळी सुधारलेली मंडळी गुपचूप इंद्रभानच्या दारच्या कडुलिंबाखाली येऊन पडत.

इंद्रभानचा टिनावरचा राग नुसता धंद्याचा नव्हता. त्याचा नातू टिनाखाली गेला होता.

विमल ही त्याची एकुलती एक लेक. जावई शेषराव वाशीमला नोकरीत, भाड्याच्या एका खोलीत बिऱ्हाड, आणि खोलीवर टिन. मागच्या उन्हाळ्यात विमलचं पहिलं बाळंतपण तिथंच झालं. शहरात दवाखाना जवळ, असं जावयाचं म्हणणं, आणि ते काही वावगं नव्हतं. इंद्रभानची बायको चंपाबाई आधीच जाऊन राहिली. लेकीचं सगळं तिनं आपल्या हातानं केलं, दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नाही. पण मुलगा आठवडाभरही टिकला नाही. अंग तापलं, त्यानं दूध तोडलं, आणि गेला. जो तो म्हणाला, टिनानं खाल्लं. चंपाबाईही तेच म्हणत परत आली आणि पुढे कितीतरी महिने कुणाशी धड बोलली नाही.

आता विमलला पुन्हा दिवस गेले होते, आणि ते भरत होते नेमके वैशाखात.

"ह्या खेपेले पोट्टी इथंच येईन," चंपाबाईनं सांगून टाकलं.

"येऊ दे ना. पन ठेवशीन कुठं?" इंद्रभाननं बोट वर केलं.

वर टिन होतं. दोन वर्षांपूर्वी पावसात घराची एक बाजू बसली, तेव्हा चंपाबाईच हात धुवून त्याच्या मागे लागली होती. सगळ्या गल्लीत आपलंच घर तेवढं मातीचं, असं तिचं रडगाणं. शेवटी गवंड्याच्या स्वतःच्या घरावर टिन चढलं, आणि ज्यानं त्यानं इंद्रभानला विचारून विचारून त्याचा जीव नकोसा केला. आज ते टिन दोघांनीही वर मान करून पाहिलं. इंद्रभानला बोलायला एवढी आयती संधी मिळाली होती, पण चंपाबाईच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं ती सोडली.

वाट सापडली ती जगदेवच्या घरच्या लग्नात. जगदेव हा गावातला चांगला खातापिता शेतकरी, इंद्रभानच्याच वयाचा, थट्टेखोर. लग्नाच्या सरबतासाठी त्यानं वाशीमहून बर्फ आणवला होता. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात पुरून, वरून पोतं गुंडाळून एसटीच्या टपावरून आली. भर उन्हाचा प्रवास, तरी भुसा झटकला तर लादी होती तशीच. सगळे सरबतावर तुटून पडले. इंद्रभान भुशात हात घालून बसला. मांडवातून घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात किडा वळवळत होता.

"भुशात बर्फ राह्यते," तो चंपाबाईला म्हणाला, "मंग माणूस काहून नाई राहनार?"

"भुशात?"

"भुशात नाई वं. भुशाच्या भितीत."

लाकडाचा भुसा रिठदात कुठून मिळणार? पण कुटार होतं. तुरीचं, हरभऱ्याचं, खळ्यावर उरलेलं, गुरांसाठी साठवून ठेवतात ते. इंद्रभाननं अंगणाच्या उत्तर कोपऱ्यात, लिंबाच्या सावलीला, दोरी टाकून आखणी केली. खोली एवढीशी, की एक बाज मावावी, बाजेशेजारी एका बाईला मांडी घालून बसता यावं, आणि कोपऱ्यात लेकराला न्हाऊ घालता यावं. मोठी खोली म्हणजे थंड ठेवायला मोठा खटाटोप, असं त्याचं गणित. भिंती मात्र दुहेरी. तुराट्या विणून आत एक कूड, बाहेर एक कूड, दोन्हींच्या मध्ये हातभर पोकळी. त्या पोकळीत कुटार ठासून भरायचं, त्यात वाळवी लागू नये म्हणून राख आणि लिंबाचा पाला. दोन्ही कुडांना शेणमातीचा जाड गिलावा. वर धाबं, त्यातही मातीखाली कुटाराचा थर. दार इतकं ठेंगणं की आत जाताना कुणालाही मान लववावी लागावी, आणि दारावर गोणपाटाचा पडदा, त्यावर पाणी शिंपडायला.

गिलावा चंपाबाईनं केला. तिचा हात या कामात त्याच्याहून साफ होता. हे तो मान्य करी, पण चारचौघांत नाही. लिंपता लिंपता ती थांबली.

"अवो, झरोका कुठं ठेवता?"

"झरोका नाई."

"झरोक्याबिगर खोली असते काय?"

"झरोका ठेवला का उन्हाची लू आत आली. म्या लू बाहीर अडवून राह्यलो न तू तिले दार उघडून देतं!"

तिनं मान हलवली आणि पुढे लिंपत गेली. बांधकामाच्या बाबतीत इंद्रभानशी वाद घालणं म्हणजे रेड्याला टाळ्या वाजवून उठवणं. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर हे तिला ठाऊक होतं.

गावाला काय, करमणूक झाली. पाणी भरणाऱ्या बायका वाकून आत बघून जात. जगदेव आला, खोलीभोवती फिरला, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "इंद्रभान, हे घर हाय का कनगी? लेकीले ठेवाचं का जवारीले?" झालं, त्या दिवसापासून खोलीचं नाव कणगी पडलं.

"आत जाऊन पाहा ना, जगदेवभाऊ," इंद्रभान म्हणाला. "भर दुपारी जा. मंग हासा."

जगदेव हसायलाच आत गेला. बाजेवर टेकला. बाहेर वैशाखाचं ऊन असं, की कुत्री मोरीतून उठत नव्हती. बराच वेळ झाला, हसू काही ऐकू येईना. इंद्रभाननं पडदा सारून बघितलं तर जगदेव घोरत होता. इंद्रभानच्या हातची भिंत साऱ्या गावाला कधीपासून चालायची. त्याच्या हातचं पाणी आताआताशा चालायला लागलं होतं. पण त्याच्या बाजेवर पालथं पडून घोरणारा जगदेव हा पहिलाच. उठल्यावर तो डोळे चोळत म्हणाला, "बुवा, मले बी एक बांधून दे. आमच्या मायसाठी. बुढी टिनाखाली तळमयते." संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी विचारलं. इंद्रभानचे पाय जमिनीवर ठरेनात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गावात अशा दहा खोल्या उभ्या राहतील, मग शेलूबाजारपर्यंत नाव जाईल, टिनवाले बसतील माशा मारत, असं तो चंपाबाईला सांगत सुटला. ती ऐकून घेई. तिचं लक्ष वाशीमच्या रस्त्याकडे होतं.

विमल आली. पोट पुढे, चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. बापानं हौसेनं खोली दाखवली. ती वाकून आत गेली, बाजेवर बसली, भिंतीला गाल लावला.

"बा, थंड हाय," ती म्हणाली. मग अगदी हळू: "हे लेकरू जगन ना, बा?"

एरवी कुठल्याही प्रश्नाला इंद्रभानकडे पसाभर उत्तर असायचं.

"जगन," तो म्हणाला. "म्या भिती घातल्या हायेत."

मुलगी झाली. पहाटे कळा सुरू झाल्या, ऊन तापायच्या आत सुटका झाली. हिरीबाई सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोट्टी हाय, ठणठणीत हाय," आणि इंद्रभाननं गल्लीत गूळ वाटला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नसतं, म्हणून तो बाहेर लिंबाखाली बसून राहिला, दर थोड्या वेळानं उठून पडद्यावर पाणी मारत.

छप्पन साली इंद्रभानच्या बापानं देवघरातले देव नदीत सोडले होते. त्यांच्यासोबत अंगारे गेले, नवस गेले, पाचवीची पूजा गेली, आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. पण बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी काही गेली नाही. ती देवाची नव्हतीच मुळी. ती बायकांची होती. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, दार लावून घ्यायचं, बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव ठेवायचा, त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी द्यायची. असं चंपाबाईच्या आईनं केलं, तिच्या आईनं केलं. मुलगी होऊन घटका झाली असेल नसेल, चंपाबाई पेटलेली शेगडी पदरानं धरून अंगणातून कणगीत घेऊन गेली.

इंद्रभाननं शेगडी जाताना पाहिली. त्याच्या समोरूनच गेली. पण शेगडी हे बायकांचं काम, त्यात गवंड्यानं काय बघायचं? त्यानं पडद्यावर पाणी मारलं. मग भिंतीला तळवा लावला. भिंत गार होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हात लावायला लावत होता. "पाहा, बाहिरून बी थंड." जगदेव म्हणाला, "मानलं तुले."

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरीबाई बाहेर आली ती घामानं निथळत. तिनं माठातलं पाणी घेऊन तोंडावर मारलं.

"काय झालं?" इंद्रभाननं विचारलं.

"पोट्टी सुस्त हाय. दूध घेऊन नाई राह्यली. रडते बी कमी."

"अन् अंग?"

"तपलं."

आतून चंपाबाईचा आवाज येत होता, भेदरलेला, एकसारखा: "काय झालं वं माय? इथं तं टिन बी नाई. इथं तं टिन बी नाई."

तो उठला. रीत गेली खड्ड्यात. पडदा सारून, मान लववून आत शिरला, आणि आतली हवा त्याच्या तोंडावर आली. टिनाखालीसुद्धा अशी हवा त्यानं कधी अंगावर घेतली नव्हती. धुरी डोळ्यांत झोंबली. विमल बाजेवर डोळे मिटून पडली होती, केस कपाळाला चिकटलेले. चंपाबाई पोरीला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती. आणि बाजेखाली विस्तव लाल फुललेला होता.

त्याला एका क्षणात कळलं. त्यानं जी भिंत बांधली होती तिला बाहेरचं ऊन आणि आतला विस्तव यांतला फरक ठाऊक नव्हता. तिला फक्त अडवणं ठाऊक होतं. तिनं लू बाहेर अडवली आणि शेगडीची धग आत अडवली, दोन्ही सारख्याच इमानानं. त्यात झरोका नाही.

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली. वाशीमच्या त्या खोलीतही रीतीप्रमाणे खिडकी लावून घेतलेली होती. तिथंही बाजेखाली विस्तव होता. आणि तो रोज फुलवणारे हात हेच होते, जे आत्ता पोरीला वारा घालत होते. टिन होतंच वैरी, पण एकटं टिन नव्हतं.

चंपाबाईनं त्याच्याकडे वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत नुसतं भय होतं. ती विचारत होती: इथं तर टिन नाही, मग इथं काय आहे? आणखी थोडा वेळ तिला तसाच प्रश्न पडू दिला असता, तर उत्तर तिला तिथं बसल्याबसल्या सापडलं असतं. त्या उत्तरासह तिला पुढचं सगळं आयुष्य काढावं लागलं असतं. मागच्या वर्षी ती कशी परत आली होती, हे इंद्रभाननं पाहिलं होतं. आता त्या दुःखातून ती कधी परत आलीच नसती.

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला, बाजेखालून शेगडी ओढली आणि ओरडला, "बाहीर व्हा! भितीत कुटार हाय! पेट घेईन सगयं! म्या विसरलो, म्या गध्यावानी विसरलो!"

भिंत पेटणार नव्हती. गिलावा जाड होता आणि कुटार हवा जायला जागा नाही असं ठासलेलं होतं. पण त्यानं इतक्या जोरात ओरडून सांगितलं, की हिरीबाई बाहेरून आत धावली, दोघींनी मिळून विमलला उठवलं, चंपाबाईनं पोरीला उचललं आणि सगळी मंडळी लिंबाखाली आली. इंद्रभाननं शेगडी अंगणात ओतून त्यावर घागरभर पाणी उपडं केलं. मग पोरीचं अंग ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, विमलला पाणी पाजलं. त्यानं लोखंडी सब्बल आणली आणि स्वतःच्या बांधलेल्या भिंतीला, धाब्याच्या खाली, भोक पाडायला सुरुवात केली. धपधप आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. कुटार भसाभसा अंगणात सांडत होतं.

"इंद्रभान, काय करून राह्यला रे?" जगदेवनं विचारलं.

"चुकलो, भाऊ. माही कनगी चुकली. बायंतिनीच्या खोलीत शेगडी चालत नाई मंग ते खोली कायची? माह्या ध्यानातच नाई राह्यलं."

आधी कोणी हसलं नाही. मग हिरीबाईच म्हणाली, "बायंतिनीसाठी खोली बांधली अन् विस्तव ठेवाले जागा नाई! असा गवंडी कुठं पाह्यला?" आणि मग सगळे हसले. तेही हसले, ज्यांनी परवा आपल्यालाही एक बांधून दे म्हणून सांगितलं होतं. इंद्रभान भोक पाडत राहिला. जन्मात त्यानं स्वतःवरचं इतकं हसू कधी ऐकून घेतलं नव्हतं. तरी तो मागे वळला नाही.

दिवस कलला तशी खोली निवली. विमल आणि पोर पुन्हा आत गेली, शेगडीशिवाय. हिरीबाई कुरकुरली, शेवटी ठरलं की शेक सकाळच्या गारव्यात ओसरीवर घ्यायचा, खोलीत विस्तव न्यायचा नाही. दिवेलागणीला पोरीनं छाती धरली. चंपाबाई पडद्यातून डोकं काढून फक्त "पिऊन राह्यली" म्हणाली, आणि इंद्रभानच्या जिवात जीव आला. त्यानं लिंबाच्या खोडाला पाठ टेकली आणि कुणी बघत नाही असं पाहून डोळे पुसून घेतले.

पाचवा दिवस आला आणि गेला. पोर आता बेंबीच्या देठापासून रडत होती. सकाळी जगदेव आला, जरा अवघडून उभा राहिला. मायच्या खोलीचं आता राहू दे म्हणाला, माय घाबरते, टिनावरच कपाशीच्या पऱ्हाट्या टाकून बघतो.

"बराबर हाय," इंद्रभान म्हणाला. "पेट घेते थे. म्या कोनालेच नाई बांधून देनार आता."

जगदेव गेला. चंपाबाई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. तिनं ते बाजूला ठेवलं, उठून आली आणि नवऱ्याच्या समोर जमिनीवर बसली. तिचा चेहरा शांत होता, आणि त्याला त्याचीच भीती वाटली.

"एक इचारू?" ती म्हणाली. "खरं सांगजा. वाशीमले लेकरू कशानं गेलं?"

"कशानं म्हनजे? टिनानं."

"शेगडीनं नाई?"

"नाई."

"माह्या डोक्यात चार दिवसापासून फिरून राह्यलं. शेगडी काढली अन् पोट्टी निवली."

"ते भितीमुळं," इंद्रभान घाईनं म्हणाला. "माही भित वंगाळ होती. वाशीमले भित नव्हती, टिन होतं. टिनाची गोष्ट येगळी. तू होती म्हनून विमल तरी वाचली त्या खेपेले. साऱ्या दुनियेले इचार."

इतका वेळ तो तिच्याकडे बघत होता. बोलता बोलता नजर खाली गेली. चंपाबाईनं ती जाताना पाहिली. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि मग ती रडली, तोंडावर पदर दाबून, खांदे गदगदा हलवत, वर्षभर साचलेलं सगळं. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला.

मग तिनं तोंड पुसलं.

"तुमाले जन्मात धड खोटं बोलता आलं नाई," ती म्हणाली.

तो बोटानं जमिनीवर रेघा ओढू लागला.

"पन विमलनं इचारलं तं असंच सांगजा. टिनानं गेलं म्हनून. तिच्याजवय नजर खाली करू नका."

"नाई करनार," इंद्रभान म्हणाला.

आत पोर भुकेनं रडायला लागली. चंपाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, माठातल्या पाण्यानं डोळे धुतले आणि मान लववून आत गेली.